कळीपासून कोंबापर्यंत: सपुष्प वनस्पतींचं प्रजनन टप्प्याटप्प्याने

वेलीला फुलं भरपूर येतात, पण फळ धरत नाही. मक्याच्या कणसात मधूनमधून दाणेच नसतात. काकडी एका टोकाला फुगते आणि दुसऱ्या टोकाला चिमटलेली राहते. जपून ठेवलेलं बी पेरावं, तर निम्मंही उगवत नाही. नव्याने बागकाम करणाऱ्याला या चार निरनिराळ्या तक्रारी वाटतात आणि चारींवर सल्ला मात्र एकच मिळतो: खत घाला. माझा अनुभव असा की यातल्या बहुतेक तक्रारींचा खताशी फारसा संबंध नसतो. कळी धरणं, पराग पोचणं, फलन होणं, बी भरणं आणि रुजणं असा हा क्रम आहे. काम नेमकं कुठे अडलं ते ओळखता आलं, तर उपाय सोपा निघतो. म्हणून एका झाडाचा हा सगळा प्रवास एकदा तरी स्वतः, क्रमाने पाहावा. तो कसा पाहायचा आणि प्रत्येक टप्प्यावर काय करायचं, हे पुढे सांगतो.

झाड कोणतं घ्यावं

पहिल्यांदा करणाऱ्याने लाल भोपळाच निवडावा, असं माझं ठाम मत आहे. फूल मोठं असतं, नर आणि मादी फुलं वेगळी असतात, पराग नुसत्या डोळ्यांना दिसतो, फळ धरलं की नाही हे चार-पाच दिवसांत कळतं आणि बी बोटांच्या चिमटीत धरता येतं. जागा कमी असेल तर कुंडीतला टोमॅटो चालेल, पण त्यात बऱ्याच गोष्टी फुलाच्या आत झाकलेल्या राहतात. फूल उघडून पाहायला जास्वंद मिळाली तर उत्तम. धारदार ब्लेड, एक भिंग, मऊ ब्रश, दोरा, चिठ्ठ्या आणि तारखा लिहायला वही, एवढ्यावर काम भागतं. वहीचा कंटाळा करू नका. फूल कोणत्या दिवशी उमललं हे लिहिलेलं नसेल, तर पुढचा कोणताच अंदाज नीट लागत नाही.

टप्पा १: झाड फुलावर येतं

उगवल्याबरोबर रोप सहसा फुलत नाही. आधी काही काळ निव्वळ पानं आणि खोड वाढवण्यात जातो. त्यानंतर अनेक झाडं ऋतूच्या इशाऱ्याची वाट पाहतात. हा इशारा कोणता, हे १९२० साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तंबाखूचा 'मेरीलँड मॅमथ' नावाचा एक वाण उन्हाळाभर उंचच उंच वाढायचा, पण फुलायचा नाही. त्यांनी रोज काही तास झाडं अंधारात ठेवून दिवस कृत्रिमरीत्या लहान केला आणि झाडं फुलली. पुढे कळलं की झाड खरं तर रात्र मोजतं, तीही सलग अंधाराची. रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लागला, तरी ही मोजणी बिघडते.

शेवंती अशा लांब रात्रींची वाट पाहते. रात्रभर दिव्याच्या उजेडात राहिलेली शेवंती पानांनी डवरते, पण कळी धरत नाही. तिला खत नको असतं, काळोख हवा असतो. गहू आणि पालक यांचं उलटं आहे, त्यांना मोठे दिवस लागतात. टोमॅटो आणि काकडीवर्गातल्या बहुतेक वेली दिवसाच्या लांबीवर फारशा अवलंबून नसतात, म्हणूनही त्या नवशिक्यांना सोयीच्या. उजेडाची ही नोंद पानात होते आणि निरोप शेंड्याकडे जातो. असा निरोप असला पाहिजे, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकातच मांडलं होतं. पानात तयार होऊन शेंड्यापर्यंत वाहत जाणारं प्रथिन हाच तो निरोप, हे सिद्ध व्हायला मात्र एकविसावं शतक उजाडलं.

इथे नवशिक्याने लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन. नत्र जास्त झालं तर झाड पानांतच रमतं, म्हणून फुलं येत नाहीत असं दिसताच युरिया टाकू नका. आणि भोपळ्याच्या वेलीवर सुरुवातीचे काही दिवस फक्त नर फुलं येतात आणि गळून पडतात. ती फूलगळ रोग नव्हे, वेलीची रीतच तशी आहे.

टप्पा २: फूल उघडून पाहा

हा टप्पा फार जण गाळतात. गाळू नका. एक जास्वंद घ्या. बाहेरची हिरवी निदलं आणि मग रंगीत पाकळ्या अलगद काढा. मध्ये एक लांब नळी उरते. तिच्यावर सगळीकडे लागलेले पिवळे दाणे म्हणजे परागकोश. हे झाले पुंकेसर, म्हणजे फुलाचा नर भाग. नळीच्या टोकातून बाहेर डोकावणारे ५ मखमली ठिपके म्हणजे कुक्षी, पराग झेलण्याची जागा. ब्लेडने नळी उभी चिरली की आत एक पातळ दांडा दिसतो, तो कुक्षीवृंत. तो थेट तळाशी, पाकळ्या जिथे जोडलेल्या होत्या तिथल्या फुगीर भागापर्यंत जातो. हा फुगीर भाग म्हणजे अंडाशय. तो आडवा कापा आणि भिंगातून पाहा. ५ कप्पे दिसतील आणि त्यांत पांढरी, बारीक बीजांडं.

ही बीजांडं पाहणं फार महत्त्वाचं आहे. फलन झालं तर बीजांडाचं बी होतं आणि अंडाशयाचं फळ. म्हणजे त्या फळात जास्तीत जास्त किती बिया होऊ शकतील, हे फूल उमलण्याआधीच ठरलेलं असतं. नंतर आपण कितीही मेहनत घेतली तरी तो आकडा वाढत नाही.

जास्वंदीत नर आणि मादी भाग एकाच फुलात आहेत. सगळीकडे असं नसतं. भोपळ्याच्या मादी फुलाखाली इवलासा भोपळा आधीपासून असतो, नर फुलाखाली नुसता देठ. मक्यात नर फुलं शेंड्यावरच्या तुऱ्यात असतात आणि मादी फुलं पानाच्या बगलेतल्या कणसात. पपई आणि खजूर यांत तर नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं (पपईत उभयलिंगी झाडंही सापडतात). झेंडू आणि सूर्यफूल यांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे: ज्याला आपण एक फूल म्हणतो, तो शेकडो लहान फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफुलाच्या तबकडीत फुलं कडेकडून मध्याकडे उमलत जातात आणि प्रत्येक फुलात आधी पराग बाहेर येतो, कुक्षी नंतर उघडते. भिंग घेऊन पाहिलं तर एकाच तबकडीवर ही सगळी वयं शेजारीशेजारी दिसतात.

टप्पा ३: परागण

बहुतेक अपयश याच टप्प्यावर येतं, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

परागकोशातला पराग कुक्षीवर पोचणं म्हणजे परागण. वारा, कीटक, पक्षी, वटवाघळं, काही पाणवनस्पतींत पाणी, असे त्याचे वाहक. वाहक कोण हे फुलाकडे पाहून बरंचसं ओळखता येतं. वाऱ्यावर विसंबणारी फुलं लहान, रंगहीन, वास नसलेली असतात. पराग कोरडा आणि भरमसाट, कुक्षी पिसासारखी किंवा लांब केसासारखी. गवतं, भात, मका ही यातली मंडळी. रंग, वास, मध आणि चिकट पराग असला तर कीटकांची वाट पाहिली जाते आहे असं समजा. संध्याकाळनंतर उमलणारी पांढरी, सुवासिक फुलं बहुधा पतंगांसाठी असतात. कीटकांचं हे काम जर्मनीच्या श्प्रेंगल यांनी १७९३ साली बारकाईने नोंदवून प्रसिद्ध केलं, पण त्यांच्या हयातीत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

फूल कधी उमलतं, हे माहीत असणं सर्वांत मोलाचं. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, पुन्हा उघडत नाही. गिलकं सकाळी फुलतं, दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी. सकाळी दहाला ब्रश घेऊन दुधीच्या वेलीपाशी उभं राहण्यात काही अर्थ नाही.

भोपळ्याचं परागण हाताने असं करा. आदल्या संध्याकाळी वेलीवर फिरून दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या शोधा. त्या टपोऱ्या झालेल्या असतात आणि टोकाशी पिवळेपणा आलेला असतो. एक मादी आणि दोन नर कळ्या निवडून त्यांची टोकं दोऱ्याने हलकेच बांधा, म्हणजे रात्री किंवा पहाटे त्या उघडणार नाहीत आणि बाहेरचा पराग आत येणार नाही. सकाळी लवकर नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका. मधल्या दांड्याला बोट लावलं की पिवळी भुकटी लागली पाहिजे. लागली नाही, तर ते फूल सोडून दुसरं घ्या. आता मादी फुलाचा दोरा सोडून नर फुलाचा दांडा कुक्षीच्या प्रत्येक पाळीवर फिरवा. घाई करू नका, सगळ्या पाळ्यांवर पराग दिसला पाहिजे. मग मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला तारखेची चिठ्ठी लावा.

बी जपायचं नसेल, फक्त फळ हवं असेल, तर बांधाबांध वगळा. उघड्या फुलांवर सकाळी पराग लावणं पुरेसं आहे. पावसात हे करू नका. अनेक झाडांचे परागकण पाणी शोषून फुटतात, आणि पावसाळी हवेत फळधारणा घटते त्याचं हे एक कारण आहे. दुसरं म्हणजे अशा हवेत मधमाश्या बाहेर पडत नाहीत.

टोमॅटोची पद्धत वेगळी. त्याचे परागकोश एकमेकांना चिकटून शंकूसारखे असतात, पराग आतल्या बाजूने सुटतो आणि कुक्षीही त्याच शंकूत असते. त्यामुळे पराग बाहेरून आणावा लागत नाही, फक्त हलवून मोकळा करावा लागतो. काही जातींचे भुंगे फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात तेव्हा पराग धुरासारखा उडतो. मधमाशीला हे जमत नाही. बंद गच्चीत किंवा खिडकीत वाढवलेल्या टोमॅटोला वारा आणि भुंगे दोन्ही नसतात. मग सकाळी उशिरा, फुलं कोरडी असताना, घोसाच्या देठाला टिचकी मारा किंवा विजेवर चालणारा टूथब्रश टेकवा. फार तापलेले दिवस आणि उकाड्याच्या रात्री असतील तर परागच निकामी होतो. त्या आठवड्यात कोणताही उपाय चालत नाही, हवा उतरण्याची वाट पाहावी.

मका लावायचा असेल तर एका लांब ओळीत लावू नका. कणसातून बाहेर येणारा प्रत्येक रेशमी केस आतल्या एकाच दाण्याचा असतो. त्या केसावर पराग पडला तरच तो दाणा भरतो. एका ओळीत लावलेल्या मक्याचा पराग वाऱ्याबरोबर बाजूला निघून जातो. चौरसात, तीन-चार ओळी जवळजवळ लावल्या की तो शेजारच्या झाडांवर पडतो. शेंड्याकडचे केस सर्वांत शेवटी बाहेर येतात, त्यामुळे कणसाचं टोक रिकामं राहिलं तर पराग संपल्यावर केस आले असण्याची शक्यता आधी तपासा.

काही झाडं स्वतःचा पराग ओळखून नाकारतात. सफरचंद आणि कोबीवर्ग ही त्यांतली ठळक उदाहरणं. सफरचंदाचं एकटं झाड फुलांनी लगडूनही फळाविना राहतं, कारण त्याला दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. कलमं एकाच वाणाची असली तर झाडं कितीही असोत, पराग स्वतःचाच ठरतो. याच्या अगदी उलट केना. जमिनीवर त्याला निळी फुलं येतात आणि मातीखाली कधीच न उमलणारी बंद फुलंही येतात. ती आतल्या आत परागण करून बी धरतात. शेतातून केना हटत नाही त्यामागे हेही एक कारण आहे.

हाताने केलेल्या परागणाचं महत्त्व पटवायला व्हॅनिलाचं एकच उदाहरण पुरे. ही वेल मूळची मध्य अमेरिकेकडची. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर ती वाढायची, फुलायची, पण शेंग क्वचितच धरायची. १८४१ साली एदमाँ नावाच्या, गुलामीत असलेल्या १२ वर्षांच्या मुलाने एक बारीक काडी घेऊन फुलातला, पराग आणि कुक्षी यांच्यामधला आडपडदा उचलला आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबला. जगभर लागवडीतली व्हॅनिला आजही जवळपास याच रीतीने हाताने परागित होते. गुलामगिरी संपल्यावर त्याला आल्बियुस हे आडनाव मिळालं. त्याच्या शोधावर इतरांनी संपत्ती उभी केली आणि तो स्वतः गरिबीत गेला, हेही सांगितलंच पाहिजे.

टप्पा ४: फलन, जे डोळ्यांना दिसत नाही

कुक्षीवर पडलेला परागकण ओलावा घेऊन फुगतो आणि त्यातून एक नळी निघते. ही परागनलिका कुक्षीवृंतातून वाट काढत बीजांडापर्यंत पोचते. इटलीच्या आमिची यांनी १८२०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली ती पहिल्यांदा पाहिली. मक्यात तिला कणसाच्या केसाएवढं, म्हणजे २०-३० सेंटिमीटरपर्यंतचं अंतर जावं लागतं आणि तरीही ती साधारण एका दिवसात पोचते. एका पेशीच्या वाढीसाठी हा वेग थक्क करणारा आहे.

सूक्ष्मदर्शक मिळाला तर हे जरूर पाहा. १० टक्के साखरेच्या द्रावणाच्या थेंबात तेरड्याचा किंवा सदाफुलीचा ताजा पराग झटका. त्यात कणभर बोरिक आम्ल असलं तर नलिका जास्त चांगल्या निघतात. अर्ध्या-एक तासात त्या वाढताना दिसू लागतात.

नलिकेतून दोन नर युग्मकं, म्हणजे नर प्रजननपेशी, जातात. एक अंडपेशीशी एकरूप होतं, त्यातून युग्मनज, म्हणजे फलित पेशी, आणि पुढे भ्रूण, म्हणजे बीमधलं इवलं रोप. दुसरं बीजांडातल्या दोन ध्रुवीय केंद्रकांशी मिळतं आणि त्यातून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाचा शिधा, तयार होतो. याला द्विफलन म्हणतात. नवाशिन या रशियन शास्त्रज्ञांनी ते १८९८ साली शोधलं. गहू, भात, मका यांच्या दाण्याचा बहुतांश भाग म्हणजे हा भ्रूणपोष. नारळाचं पाणी आणि खोबरंही तोच. हरभरा, वाटाणा, भोपळा यांच्यात बी पिकेपर्यंत भ्रूण हा शिधा संपवतो आणि साठा बीजपत्रांत, म्हणजे बीमधल्या दोन जाड पानांत, भरून ठेवतो.

यातून एका नेहमीच्या शंकेचं उत्तर मिळतं. भोपळ्याच्या फुलावर दुसऱ्या वाणाचा पराग पडला तर याच वेळचं फळ बदलेल का? नाही. गर अंडाशयाच्या भिंतीपासून होतो आणि ती संपूर्णपणे आईची असते. बदल बियांत असतो, तो पुढच्या पिढीत दिसतो. मक्याचं मात्र वेगळं. दाण्यातला भ्रूणपोष बापाच्या परागातूनही आलेला असतो, म्हणून पांढऱ्या मक्यावर पिवळ्याचा पराग पडला तर त्याच कणसात पिवळे दाणे दिसतात.

टप्पा ५: फळ धरतं आणि बी भरतं

परागण केल्यावर चार-पाच दिवस वाट पाहा. इवला भोपळा चकाकत फुगू लागला तर फलन झालं. पिवळा पडून देठाशी गळला तर झालं नाही, किंवा वेलीवर आधीच इतकी फळं आहेत की तिने हे सोडून दिलं. मोठं झालेलं एखादं फळ काढलं तर पुढची धरतात.

फळ फुगतं ते आतल्या बियांच्या सांगण्यावरून. १९५० साली नित्श या शास्त्रज्ञांनी स्ट्रॉबेरीवर हे दाखवलं. वरचे बारीक दाणे, जी तिची खरी फळं, त्यांनी काढून टाकले, तर गर वाढायचा थांबला. दाण्यांच्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावलं, तर पुन्हा वाढला. जिथे बी धरलं नाही तिथे गर फुगत नाही, म्हणून वेडीवाकडी स्ट्रॉबेरी आणि एका टोकाला चिमटलेली काकडी. फळ तिरकं दिसलं की ते कापून बिया कुठे भरल्या आणि कुठे पोचट राहिल्या ते पाहा. परागण किती पूर्ण झालं होतं, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. केळ्यासारखी काही फळं बियांशिवायही वाढतात, पण तो अपवाद आहे.

भुईमुगाची तऱ्हा सगळ्यांत न्यारी. फूल वर, उजेडात येतं, तिथेच फलन होतं, आणि मग अंडाशयाखालचा देठ लांब होऊन जमिनीत घुसतो. याच आऱ्या. टोक मातीत, अंधारात गेल्यावरच शेंग पोसते. त्यामुळे आऱ्या सुटण्याच्या सुमारास माती भुसभुशीत हवी आणि आऱ्या मातीत शिरल्यावर खुरपणी थांबवायला हवी.

टप्पा ६: बी काढणं आणि राखणं

काढायला योग्य फळ आणि बियाण्याला योग्य फळ यांत फरक असतो. भाजीची काकडी, दोडका, भेंडी कोवळी तोडतात, तेव्हा आतलं बी कच्चं असतं. बियाण्यासाठी फळ वेलीवरच जून होऊ द्या: काकडी पिवळी, दोडका वाळून खडखडणारा. भोपळ्याच्या सालीत नख रुतेनासं झालं आणि देठ लाकडी झाला की तो उतरवा आणि आणखी काही आठवडे सावलीत ठेवून मग बी काढा. या काळात बी आणखी भरतं.

टोमॅटोच्या बीभोवती बुळबुळीत आवरण असतं आणि ते बी फळातच रुजू देत नाही. गर आणि बी भांड्यात काढून दोन-तीन दिवस आंबू द्या. आवरण सुटलं की भरपूर पाण्यात धुवा. तळाशी बसलेलं बी घ्या, तरंगणारं टाका. पपईचं आवरण चोळून काढा.

सुकवणं सावलीत, वाऱ्यावर करा. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर बी टाकलं तर आतला भ्रूण मरतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. बी वाकवल्यावर वाकण्याऐवजी कटकन मोडलं म्हणजे नीट सुकलं. साठवणीचा एक जुना ठोकताळा आहे: बीमधला ओलावा १ टक्क्याने उतरला किंवा तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरलं, तर आयुष्य सुमारे दुप्पट होतं. त्याला मर्यादा आहेत, पण दिशा बरोबर आहे. कोरडं बी, हवाबंद बाटली, थंड जागा. आंबा, फणस, कोको यांची बी मात्र सुकवली की मरते. ती काढल्यावर लगेच, ओली असतानाच लावा.

संकरित, म्हणजे 'एफ-१' वाणाच्या फळातलं बी राखण्यात नवशिक्याने पडू नये. ते उगवतं, पण रोपं एकसारखी येत नाहीत. बियाण्यासाठी सरळ वाण, म्हणजे ज्याच्या बीपासून तसंच झाड येतं असा वाण, निवडा. आणि राखलेल्या बीच्या वेलीला आलेला दुधी, काकडी किंवा भोपळा कडूजहर लागला तर तो खाऊ नका. तो कडवटपणा विषारी असतो.

निसर्गात बी पसरवण्याचं काम वारा, पाणी, पक्षी आणि प्राणी करतात, तेरड्याची बोंडं तर स्वतःच फुटून बी उडवतात. आपण हाताने बी वेचतो तेव्हा ते काम आपल्याकडे येतं, एवढंच.

टप्पा ७: बी जिवंत आहे का, झोपलेलं आहे का

न उगवलेलं बी मेलेलंच असतं असं नाही. अमेरिकेत विल्यम बील यांनी १८७९ साली रानटी वनस्पतींचं बी बाटल्यांत घालून पुरलं, ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची म्हणून. २०२१ साली, १४१ वर्षांनी काढलेल्या बाटलीतलं काही बी उगवलं. इस्रायलमधल्या मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे २००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली रुजली. याउलट कांद्याचं बी साध्या साठवणीत एक-दोन वर्षांतच दम सोडतं.

म्हणून पेरण्याआधी चाचणी करा. २० बिया ओल्या, पिळलेल्या टिपकागदात ओळीने मांडून गुंडाळी करा, पिशवीत घालून उबदार जागी ठेवा. आठवड्याभरात १६ रुजल्या तर उगवण ८० टक्के. निम्म्याच रुजल्या तर दुप्पट दाट पेरा.

एकही रुजली नाही आणि बी कुजलंही नाही, तर ते सुप्तावस्थेत असू शकतं. गोकर्ण, गुलमोहर यांच्या कठीण सालीतून पाणी आत जात नाही. काचकागदावर एक बाजू थोडी घासा, मग रात्रभर भिजवा. बी फुगलं तर साल फुटली, न फुगलेल्या बिया पुन्हा घासा. सफरचंदासारख्या थंड हवेतल्या झाडांचं बी हिवाळा गेल्याची खूण मागतं. ओलसर वाळूत घालून फ्रीजमध्ये ४-५ अंशांवर दोन-तीन महिने ठेवावं लागतं.

टप्पा ८: रुजणं

पाणी, प्राणवायू आणि योग्य उष्णता, या तिन्ही एकदम लागतात. लोक पाण्याची काळजी घेतात आणि प्राणवायू विसरतात. बी फुगल्यावर त्याचा श्वास वेगाने चालू होतो. चिखलात ते गुदमरतं. भिजवणं ८-१२ तासांपुरतं ठेवा आणि माती ओलसर असू द्या, चिंब नको. भोपळ्याला २५-३० अंश तापमान मानवतं. थंड मातीत त्याचं बी दिवसेंदिवस पडून राहतं आणि कुजतं.

खोली बीच्या जाडीच्या दोन-तीन पट. अगदी बारीक बी नुसतं दाबा, झाकू नका. त्यात साठा इतका कमी असतो की खोलातून वर येण्याआधीच तो संपतो. काही बियांना उजेडही लागतो. लेट्यूसवर १९५२ साली झालेल्या प्रयोगात तांबडा प्रकाश दिल्यावर बी रुजलं, त्यानंतर अतितांबडा, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा, दिल्यावर थांबलं, आणि आलटूनपालटून दिल्यावर शेवटचा प्रकाश कोणता यावरच सगळं ठरलं.

भोपळ्याचं बी आडवं ठेवा. आधी मूळ बाहेर पडतं आणि खाली वळतं. मूळ आणि खोड जोडतात तिथे एक लहानसा खुंट उगवतो, तो सालीच्या खालच्या कडेला अडकून ती धरून ठेवतो आणि बीजपत्रं वर निसटतात. आडव्या बीत हा खुंट नेमका बसतो. साल डोक्यावर घेऊनच रोप वर आलं, तर ओढू नका. पाण्याचा थेंब लावून मऊ होऊ द्या. भोपळा, एरंड, घेवडा यांची बीजपत्रं मातीवर येऊन हिरवी होतात. वाटाणा, हरभरा, मका यांत साठा मातीतच राहतो आणि वर फक्त कोंब येतो, म्हणून तिथे पहिल्यांदा दोन जाड पानं दिसली नाहीत तर घाबरू नका.

दाट पेरणी, सतत ओली माती आणि कोंडलेली हवा एकत्र आली की रोपं जमिनीलगत नरम पडून कोलमडतात. ही बुरशी आहे. कोलमडलेलं रोप वाचत नाही. आजूबाजूची काढून टाका, पाणी कमी करा, वारा खेळू द्या. बीजपत्रं खराब दिसली तरी खुडू नका, खरी पानं कामाला लागेपर्यंत रोप त्यांच्यावर जगतं.

भोपळ्याला मुळं हलवलेली आवडत नाहीत, म्हणून शक्यतो कायमच्या जागीच एकेका आळ्यात दोन बिया लावा. दोन्ही उगवल्या आणि खरी पानं दोन झाली की कमजोर रोप मातीलगत कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळंही तुटतात.